गोणीवरचा आकडा

आषाढ लागला की गोंदिया तालुक्यातील कामठा गावाचे रूप पालटते. बांध्या पाण्याने भरतात, पऱ्हे वाऱ्यावर डोलू लागतात आणि रोवणीची लगबग सुरू होते. घरोघरी बोलणे एकच : पाऊस, मजूर आणि खत.

अशाच एका सकाळी एक शेतकरी पडवीत बसला होता. त्याचे शेत अवघे एक एकराचे. रोवणीच्या वेळी टाकण्यासाठी त्याने युरियाच्या दोन गोण्या आणून ठेवल्या होत्या. सातवीत शिकणारी त्याची मुलगी गोणीवरील अक्षरे वाचीत होती. ती एकाएकी म्हणाली, “बाबा, गोणीत ४५ किलो खत आहे, पण येथे ‘नत्र ४६ टक्के’ असे लिहिले आहे. मग उरलेले ५४ टक्के काय? माती?”

शेतकरी हसला, पण प्रश्न त्याच्या मनाला लागून राहिला. पैसे पूर्ण गोणीचे मोजायचे आणि नत्र मात्र निम्म्याहून कमी! हा व्यवहार खरा की खोटा?

मुलीचा प्रश्न साधा होता. परंतु रसायनशास्त्राची मोठी इमारत अशाच प्रश्नांवर उभी आहे. पदार्थात काय आहे, एवढे कळून या शास्त्राचे समाधान होत नाही. ते किती आहे, हेही त्याला हवे असते.

युरियाच्या एका रेणूत कर्बाचा १, प्राणवायूचा १, नत्राचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात. हायड्रोजनच्या अणूचे वजन १ धरले, तर कर्बाचे १२, नत्राचे १४ आणि प्राणवायूचे १६ भरते. आता बेरीज करावी : १२ आणि १६, नत्राचे २८ आणि हायड्रोजनचे ४, एकूण ६०. म्हणजे ६० किलो शुद्ध युरियात नत्र २८ किलो, शेकडा सुमारे ४६.७. कारखान्यातील मालात किंचित ओलावा व इतर पदार्थ राहतात. म्हणून गोणीवर ४६ चा आकडा येतो.

उरलेला भाग माती नव्हे. हवेत शेकडा ७८ भाग नत्रच आहे; पण धानाचे रोप तो हवेतून थेट घेऊ शकत नाही. इतर अणूंशी बांधला गेल्यामुळेच तो वायू गोणीत मावतो, पाण्यात विरघळतो आणि मुळांच्या उपयोगी पडतो.

हे प्रमाण कधी बदलत नाही. इ. स. १८२८ मध्ये व्होलर या जर्मन रसायनज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला. गोठ्यातील गोमूत्रातही युरिया असतो. शरीरात झालेला असो वा कारखान्यात, शुद्ध युरियाच्या ६० भागांत नत्राचे भाग २८ च.

पण गोणीवरचा आकडा खरा कशावरून? त्यासाठी तपासणी आहे. कोपनहेगन येथील योहान केल्डाल याने धान्यातील प्रथिने मोजण्याच्या हेतूने इ. स. १८८३ मध्ये एक रीत प्रसिद्ध केली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातील नत्राचा अमोनिया करायचा आणि तो मोजलेल्या आम्लात पकडायचा. किती आम्ल शिल्लक राहिले, हे मग थेंबाथेंबाने अल्क मिसळून पाहायचे. रंग पालटला की थांबायचे. एक थेंब अधिक पडला, तरी उत्तर चुकते. चिमूटभर खतावरून साऱ्या गोणीची परीक्षा होते, ती या सावधपणामुळे.

मुलीने माती परीक्षणाचा कागद आणला. त्यावर सल्ला होता : एकरी ४० किलो नत्र, निम्मे रोवणीच्या वेळी, निम्मे पुढे हप्त्यांनी. तिने पाटीवर मांडले : ४५ किलोंचे शेकडा ४६, म्हणजे २०.७ किलो.

“बाबा, आता एकच गोणी पुरे. दुसरी पुढच्या हप्त्यांसाठी.”

शेतकरी गप्प झाला. मागच्या वर्षी त्याने दोन्ही गोण्या रोवणीलाच टाकल्या होत्या आणि पुढे आणखी एक. धान हिरवेगार वाढले. शेजारी थांबून पाहत. पण लोंब्या भरू लागताच सारे पीक लोळले. तेव्हा त्याने वाऱ्याला दोष दिला होता.

तो उठला. एक गोणी त्याने खांद्यावर घेतली. दुसरी उचलून घरात कोरड्या फळीवर ठेवली.

“पोरी,” तो म्हणाला, “खळ्यावर धान मोजताना आम्ही एक कुडोही चुकू देत नाही. शेताला देताना मात्र आजवर कधी मोजले नाही.”

आणि तो धुऱ्याच्या वाटेने बांधीकडे चालू लागला.