मिठाआधीचा घास

माझं माहेर सुप्याकडचं, जिरायती. सासर इंदापूर तालुक्यात, नीरेच्या डाव्या कालव्याखाली. माहेरी रानात ज्वारी आणि करडई. पोटं पावसाच्या भरवशावर. सासरी १८८५ पासून पाटाचं पाणी खेळतंय, नजर जाईल तिथवर ऊस. पण दोन्हीकडच्या चुली एका गोष्टीत सारख्या: रानातून येताना बाईच्या ओच्यात भाजी असायचीच. तिकडे करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचे शेंडे. इकडे पाटाकडेची घोळ, उसाच्या सरीत आपसूक उगवलेला तांदुळजा.

नातू सहा महिन्यांचा झाला. मामाच्या मांडीवर उष्टावण झालं आणि दुसऱ्या दिवशी सुनेनं विचारलं, "आई, आता याच्यासाठी वेगळं काय काय शिजवायचं?"

मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या बाळासाठी वेगळं पातेलं कधी चढवत नसत. चाकवत निवडायच्या, मूठभर मूगडाळीबरोबर मऊ शिजवायच्या आणि रवीनं हाटून गरगटं करायच्या. करडईच्या तेलात जिरं, ठेचलेला लसूण, चिमूटभर हळद. घरभर वास सुटला की पातेल्यात मीठ पडायच्या आधी एक वाटी बाजूला निघायची. ती बाळाची. मग मीठ, मग ठेचा, मग आम्ही.

आज डॉक्टरही तेच सांगतात. वर्षाच्या आत बाळाला वरून मीठ नको, कोवळ्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. पण मीठ नको म्हणजे चव नको असं थोडंच आहे? जिऱ्याचा खमंगपणा, परतलेल्या लसणाचा गोडवा, लाल भोपळ्याचा सायीसारखा मऊपणा, शेवग्याच्या पाल्याचा उग्र सुगंध, हे सगळं बाळाच्या हक्काचं आहे. पाल्यातलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबाचे दोन थेंब पिळायचे. भोपळ्याच्या गोडीवर तर कुठलंही बाळ भाळतं. खरी शिकवण दोडक्याची आणि मेथीची.

दोडका नातवानं पहिल्या दिवशी थुंकला. दुसऱ्या दिवशीही. सून हिरमुसली. मी म्हटलं, "अगं, चव ओळखीची व्हायला वेळ लागतो. पाहुणा पहिल्याच भेटीत घरचा होतो का?" जबरदस्ती केली नाही, पण दोडका पुन्हा पुन्हा पुढे येत राहिला. आठ-दहा वेळा तरी चव दाखवावी लागते. एका दुपारी त्यानं आजोबांच्या ताटातल्या फोडीकडे हात लांबवला. त्यांना खाताना तो रोज निरखत होता. चमच्यानं जे जमलं नाही, ते पंगतीनं केलं.

म्हणून मला वाटतं, बाळाला भाजी खायला शिकवायची नसते. घराच्या जेवणात त्याला जागा करून द्यायची असते. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरमार्गे इंदापूरकडे निघते, तेव्हा दारात मोठी पातेली चढतात. त्या धांदलीतही सुनेनं आधी नातवाची वाटी काढली, मग डाळीत मीठ घातलं.

आता तो दीड वर्षाचा आहे, आमच्यातलंच जेवतो. तरी पातेल्यात मीठ पडायच्या आधी माझा हात वाटीकडे जातोच. परवा थबकले. मग ती वाटी भरून आजोबांपुढे ठेवली. त्यांना रक्तदाब आहे. नातवानं लगेच त्यात भाकरी बुडवली.