रोमच्या उन्हात

रोमला जुलैत जाऊ नका, असे सांगणारी माणसे आम्हांला काही कमी भेटली नव्हती. पण जर्मनीतल्या मुलाकडे आमचे जाणे जुलैतच ठरले होते. ऐन वेळी त्याला रजा मिळेना, म्हणून त्याने आम्हां दोघांनाच चार दिवसांसाठी रोमच्या विमानात बसवून दिले. “नागपूरकराला उन्हाची भीती कसली घालतोस?” असे ह्यांनी त्यालाच वर ऐकवले.

हे बँकेतून निवृत्त झालेले. त्यामुळे प्रवासाचीसुद्धा वही. पाहायच्या ठिकाणांची यादी, पुढे वेळ, त्यापुढे खूण करायला चौकोन. दुसऱ्या दिवशीच्या पानावर सात ठिकाणे होती. सकाळी आठला आम्ही त्रेवीच्या कारंज्यापाशी उभे होतो. कारंजे १७६२ मध्ये पुरे झाले. पण त्याला पाणी पुरवणारा कालवा अग्रिप्पा नावाच्या रोमन सेनानीने इसवी सनापूर्वी १९ मध्ये बांधला, आणि डागडुजी होत होत तो अजून वाहतो आहे. हे सारे ह्यांनी पुस्तकातून मोठ्याने वाचून दाखवले. मी एक नाणे टाकले, ह्यांनी वहीत खूण केली, आणि आम्ही निघालो.

निघालो म्हणजे हे निघाले. लग्नाला चौतीस वर्षे झाली. रस्त्यात हे दहा पावले पुढे आणि मी मागे, हा आमचा शिरस्ता. बाजारात काय आणि रोममध्ये काय!

अकराच्या सुमारास ऊन तापले. एका औषधाच्या दुकानावर हिरव्या फुलीत ३८ अंशांचा आकडा झळकत होता. पायाखालचे काळे दगड तव्यासारखे भाजत होते. पँथिऑनमध्ये शिरलो तेव्हा जिवात जीव आला. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, हेड्रियन बादशहाच्या काळात बांधलेले हे देऊळ. घुमटाचा व्यास ४३ मीटरांहून थोडा अधिक, जमिनीपासूनची उंचीही तेवढीच. माथ्यावर जवळजवळ ९ मीटर रुंदीचे उघडे भोक; त्यातून उन्हाचा एकच झोत आत उतरलेला आणि भोवती सगळी थंडगार सावली. पाऊस आत आला तर निथळून जावा म्हणून फरशीला उतार दिलेला आणि बारीक छिद्रे ठेवलेली. मला तिथे तासभर बसायचे होते. ह्यांनी घड्याळ पाहिले. “चल, नवोना चौक राहिलाय.”

बाहेरच्या गल्लीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी वाकून पिन लावली आणि मान वर केली, तो समोर हे नाहीत! माझा फोन ह्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत. भाषा येत नाही. आता हे मोठ्याने सांगते, पण तेव्हा पोटात गोळा आला होता.

गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांबासारखा एक नळ अखंड वाहत होता. रोमभर असे सुमारे अडीच हजार नळ आहेत. पहिले १८७४ साली बसवले. तोटी वाकड्या नाकासारखी, म्हणून लोक त्यांना ‘नासोने’, म्हणजे ‘मोठे नाक’, म्हणतात. मी ओंजळ धरली, तोच एक म्हातारी पुढे झाली. तिने तोटीचे तोंड बोटाने दाबले, आणि वरच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार उसळून थेट माझ्या तोंडाशी आली. मी पोटभर प्याले, बाटली भरून घेतली. अगदी आपली पाणपोई! “नवोना?” मी विचारले. तिने हाताने वाट दाखवली.

चौकात पोहोचले. मधोमध बर्निनीने १६५१ साली पुरे केलेले चार नद्यांचे कारंजे होते. नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता, आणि चौथी आपली गंगा! पण गंगामाई कुठली? हातात वल्हे घेतलेला दाढीवाला बाप्या. परमुलखात माहेरचे माणूस भेटावे आणि ओळखू येऊ नये, तसे झाले. तिच्यासमोरच्या भिंतीच्या सावलीत मी बसून राहिले. यादीत नाव होते; हे येतील तर इथेच.

अर्ध्या तासाने हे आले. त्याआधीही येऊन गेले होते. पुस्तक उघडून वाचायला वळले तेव्हा मी नाही हे कळले, आणि त्या उन्हात पँथिऑनपर्यंत दोनदा धावत जाऊन आले. भर चौकात ह्यांनी मला नावाने हाक मारली. घरी ‘अगं’च्या पलीकडे कधी गेले नाहीत. तोंड लालबुंद, हात थरथरत होते. वय सहासष्ट, रक्तदाबाची गोळी चालू. मला एकदम धस्स झाले. मी त्यांना सावलीत बसवले, घोट घोट पाणी दिले, ओढणी भिजवून डोक्याला गुंडाळली.

बऱ्याच वेळाने म्हणाले, “मला वाटलं, तू मागेच आहेस.”

“चौतीस वर्षं होतेच. आज चपलेनं दगा दिला.”

हे काही बोलले नाहीत. मग मी म्हटले, “नागपुरात मे महिन्यात दुपारी एकला आपण बाहेर पडतो का हो?”

त्यांनी वर पाहिले. चौकाभोवतीच्या खिडक्यांची दारे बंद होती. उन्हात होतो ते सगळे आमच्यासारखे परके. गावातली शहाणी माणसे घरात झोपली असणार. पुस्तकात पुढे लिहिले होते की, १८६६ पर्यंत ऑगस्टच्या शनिवार-रविवारी हा चौक मुद्दाम पाण्याने भरून टाकत, तेवढाच गारवा म्हणून. उन्हाशी भांडायचे नसते, हे या शहराला पूर्वीपासून ठाऊक होते. आम्हांलाही ठाऊक होते. आम्ही ते नागपुरातच ठेवून आलो होतो.

हॉटेलवर येऊन खिडक्या लावल्या आणि पाचपर्यंत झोपलो. सात वाजता बाहेर पडलो तेव्हा सारे रोम रस्त्यावर लोटले होते. टायबरकाठच्या टपरीवर एक माणूस बर्फ किसून त्यावर रंगीत पाक ओतत होता. त्याला ‘ग्रात्ताकेक्का’ म्हणतात. आपण गोळा म्हणतो. नातवंडांना घशाचा धाक घालणाऱ्या आमच्या ह्यांनी दोन घेतले. पिन लावलेल्या चपलेने मी सावकाश चालत होते, आणि हे शेजारून.

वाचकांपैकी कोणी उन्हाळ्यात रोमला जाणार असेल, तर तीन गोष्टी जवळ ठेवाव्या : रिकामी बाटली, एक सेफ्टी पिन, आणि आपला फोन आपल्याच पर्समध्ये.