आमचा सायलेन्सर

माणसाचं वय झालं की त्याचा आवाज बसतो. गाडीचं उलट आहे. वय झालं की तिला कंठ फुटतो.

आमची जीप पिकअप अण्णांनी 1986 साली जुनी घेतली, तेव्हा मी पहिलीत होतो. निमगाव केतकीच्या पानमळ्यांतली किती विड्याची पानं तिनं बाजाराला नेली, याचा हिशेब नाही. मी बी. कॉम. असल्यामुळे दरवर्षी मनातल्या मनात तिच्यावर घसारा काढतो. घटत्या शिल्लक पद्धतीनं किंमत कधीच शून्यावर येत नाही, एवढाच तिला आणि मला दिलासा.

तर यंदा सायलेन्सर फुटला. गाडी सुरू केली की शेजारची म्हैस पान्हा चोरायची आणि शेजारी माझा उद्धार करायचे.

मिस्त्री गाडीखाली सरपटत गेला आणि तिथूनच म्हणाला, "सायेब, गाडी लांब नेत न्हाई वाटतं?"

"घर ते मळा, मळा ते घर."

"म्हणूनच सडलाय."

इंधन जळलं की धुराबरोबर पाण्याची वाफही निघते. गाडी लांब पळाली तर नळी तापून वाफ बाहेर पडते. जवळच्या जवळ फिरली तर तिचं पाणी होऊन सायलेन्सरच्या पोटात साचतं आणि पत्रा आतून गंजतो. मला एकदम पटलं. बँकेतही दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं.

पुतण्या म्हणाला, "काका, मोकळी नळीच बसवा. पॉवर वाढते, आवाज तर असा घुमतो!" मी त्याला 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 120 वा नियम सांगितला. सायलेन्सर हवाच. आवाजाचा नियम मोडला तर दंड 10,000 रुपयांपर्यंत जातो म्हटल्यावर त्याला पॉवर नकोशी झाली.

शेवटी मिस्त्रीनं इंजिनापासून शेपटापर्यंत सगळं बदललं. नवं गॅस्केट, जरा रुंद नळी, कमी वळणं, म्हणजे धूर अडत नाही. आणि नवा सायलेन्सर. त्याच्या पोटात भोकं पाडलेली नळी आणि कप्पे असतात. आवाज एका कप्प्यातून दुसऱ्यात आपटत जातो आणि दमतो. आमच्या कचेरीत अर्जाचं तेच होतं, टेबलाटेबलांवर.

संध्याकाळी मांजराच्या पावलांनी गाडी दारात आणली. अण्णा ओसरीवर बसले होते. त्यांची नजर गेली त्याला चार वर्षं झाली. मी समोर उभा राहिलो तरी ते रस्त्याकडेच कान देऊन.

"अण्णा, आलो."

ते दचकले. "कशानं आलास?" मग जरा थांबून हळूच म्हणाले, "गाडी विकलीस का रं?"

दिवाळीपासून मी गिऱ्हाईक बघत होतो. घरात कुणाला बोललो नव्हतो. त्यांचा हात धरून मी बॉनेटवर ठेवला. पत्रा अजून गरम होता. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. आता दर रविवारी नळी तापवायच्या निमित्तानं आम्ही बाप-लेक इंदापूरपर्यंत जाऊन येतो. खातं चालू राहतं.

एरवी मळ्यातून येताना मी ओढ्याच्या वळणावर दोनदा हॉर्न वाजवतो. दारात पोचतो तेव्हा अण्णा तयारच असतात.

"कशाला वाजवतोस रं? बहिरा हाय का मी?"