मागून धडकणाऱ्याचा दोष

ज्या शेंद्र्यात 2001 पासून स्कोडाच्या मोटारी जुळवल्या जातात, त्याच शेंद्र्यासमोरील जालना रस्त्यावर पाळी सुटण्याच्या सुमारास कामगारांच्या बसगाड्या, मालमोटारी आणि खासगी वाहने एकाच वेळी शहराच्या वाटेला लागली म्हणजे, पुढच्या गाडीच्या पाठीवर मागच्या गाडीचे तोंड आदळणे इतके नित्याचे होते की, त्यानंतरच्या कज्जाचा मसुदा आम्हा विमा सर्व्हेअरांना तोंडपाठ झाला आहे. पुढचा म्हणतो, 'मागून ठोकलंत, भरून द्या'. मागचा म्हणतो, 'मधेच ब्रेक कशाला मारलात?', आणि जमलेली गर्दी, कोणाची गाडी लहान हे पाहून, निवाडा देऊन मोकळी होते.

वस्तुतः 1989 च्या रस्तानियमांत ही दोन्ही बंधने शेजारी बसलेली होती: 23 वा नियम सुरक्षित अंतराचा, 24 वा विनाकारण एकाएकी ब्रेक न लावण्याचा. 2017 साली नवे विनियम आले, तरी तत्त्व तेच राहिले. निशान सिंग खटल्यात 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ट्रकमागे अवघ्या दहा-पंधरा फुटांवरून चाललेल्या मोटारीचे अंतर असुरक्षित ठरवले. परंतु 2025 साली, कोइमतूरजवळच्या महामार्गावर इशारा न देता थांबलेल्या मोटारीवर मागून आदळून बसखाली सापडलेल्या दुचाकीस्वाराच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने मोटारचालकाकडे 50, बसचालकाकडे 30 आणि दुचाकीस्वाराकडे 20 टक्के दोष ठेवला. दोषाची अशी वाटणी होऊ शकते, हे रस्त्यावरच्या वादात कोणाच्या गावीही नसते.

ही वाटणी करताना आम्ही जबान्यांपेक्षा पत्र्यावर अधिक भिस्त ठेवतो. जोरात ब्रेक दाबलेल्या गाडीचे नाक खाली झुकते, म्हणून तिचा बंपर पुढच्या गाडीच्या बंपरखाली शिरतो आणि तिच्या स्वतःच्या बॉनेटची कड दुमडते. ब्रेक न लावता आलेली गाडी समपातळीत आदळते. तीन गाड्यांची साखळी लागली असता, मधली आपण होऊन पुढच्यावर गेली की तिसरीने तिला ढकलले, याचा पहिला सुगावा सहसा या दोन-तीन बोटांच्या उंचीतच लागतो. जुन्या पद्धतीच्या ब्रेकदिव्यातील तंतूही साक्ष देतो: पेटलेला असताना जबर धक्का बसला तर तो ताणून वाकतो, थंड असताना मोडतो.

इतके असूनही, ज्याने स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा उतरवला आहे त्याला भरपाई मिळताना दोष कोणाचा, हा प्रश्न बहुधा गौण असतो; त्याला मोजावी लागते ती 20 ते 50 टक्क्यांपर्यंतच्या नो क्लेम बोनसची किंमत. केवळ त्रयस्थाचा सक्तीचा विमा असलेल्याला मात्र समोरच्याचा दोष शाबीत केल्यावाचून गत्यंतर नाही, आणि आपसांत तडजोड न झाल्यास त्याला दावा न्यायाधिकरणाचा उंबरा झिजवावा लागतो.

म्हणून गाड्या हलवण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि कागदावर वेळ, जागा, वाहनांचे क्रमांक व लागलेले भाग एवढाच मजकूर लिहावा. विमा कंपनीच्या लेखी संमतीवाचून कबुली अथवा भरपाईचे वचन देऊ नये, ही शर्त विमापत्रात सामान्यतः असते; तेव्हा गर्दीच्या दडपणाखाली 'चूक माझी' असे लिहून सही ठोकण्याचा अधिकार तुमच्या एकट्याचा राहिलेलाच नसतो.