भाचे लागणारे डॉक्टर

आपल्याला एकूण नातेवाईक किती, हे बेल्ह्याला दवाखाना टाकेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच सोमवारी समजलं. सोमवारी बेल्ह्याचा बाजार. पंचक्रोशीतली माणसं बैल बघायला येतात आणि बैल बघून झाले, की सहज म्हणून डॉक्टरही बघून जातात. "डॉक्टर, आमच्या आत्याच्या दिराकडून तुम्ही आमचे भाचे लागता," असं म्हणून एका गृहस्थांनी जीभ बाहेर काढली. जीभ बाहेर काढलेल्या मामाकडे फी कशी मागणार?

पूर्वी गावात सुताराला, न्हाव्याला दर कामाचे पैसे नसत. सुगीला खळ्यावर धान्य मिळे. बलुतंच ते. आपलंही तसंच असेल म्हणून मी सुगीची वाट पाहिली. मामांनी गोणीभर कांदे आणून टाकले. (त्या आठवड्यात भाव पडला होता.)

शेवटी २००२ सालचे वैद्यकीय आचाराचे नियम काढून बघितले. डॉक्टरानं दुसऱ्या डॉक्टराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांना विनामूल्य तपासण्यात आनंद मानावा, असं त्यात आहे. आत्याच्या दिराचा उल्लेख नाही.

पण एका बाकावर बसलेल्या मित्राकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. तो दोनदा आला, मग येईनासा झाला. मी म्हटलं, प्रकृती ठणठणीत असेल! एके दिवशी आळेफाट्याला दुसऱ्याच दवाखान्यातून बाहेर पडताना सापडला. हातात रक्तदाबाच्या गोळ्या. एसटीचं भाडं भरून, वर पूर्ण फी देऊन!

"माझं औषध कडू लागतं का रे?"

"तू पैसे घेत नाहीस. परवा रात्री छातीत दुखलं, तर सकाळपर्यंत तसाच पडून राहिलो. फुकटात कुणाला झोपेतून उठवायचं म्हणजे..."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या सोमवारी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. आला तो समोर बसला आणि माझ्या हातावर उपरणं टाकलं. बैलबाजारात असाच रुमालाखाली बोटं दाबून भाव करण्याची जुनी रीत आहे. मी निम्म्या फीची बोटं दाबली. त्यानं मान हलवून पुऱ्या फीची दाबली. मी एक बोट सोडवून घेतलं. त्यानं ते पुन्हा पकडलं. बाहेर मामा खोकून खोकून आपली पाळी आल्याचं सुचवत होते. अखेर पुऱ्या फीला सौदा ठरला.

मग त्याचा रक्तदाब घेतला. जरा जास्तच निघाला. एवढ्या घासाघिशीनंतर तो धरायचा नसतो, म्हणून त्याला दहा मिनिटं बाकावर बसवलं, मामांच्या शेजारी.