चारशे वर्षांचं रान

जगाचा नाश 1999 साली होणार, हे 'क्रोनो ट्रिगर' या व्हिडिओ गेममधल्या तीन पोरांना कळतं, तेव्हा त्यांचं स्वतःचं साल असतं 1000. मध्ये जवळजवळ हजार वर्षं. तोवर त्यांची नातवंडं, पणतवंडं, पुढच्या कितीतरी पिढ्या सुखाने नांदून जाणार. तरी उजाड भविष्यातल्या एका पडद्यावर तो नाश बघितल्यावर मार्ल म्हणते, आपण हे थांबवू या. लुक्का तिच्या बाजूने उभी राहते. क्रोनो तर बोलतच नाही. अख्ख्या खेळात नायकाच्या तोंडी जवळपास शब्द नाही. आपलं काय जातं, असं तिघांपैकी कुणी विचारत नाही. या खेळाने मला तिथेच आपलंसं केलं.

जपानमध्ये तो 11 मार्च 1995 रोजी आला. हिरोनोबू साकागुची, युजी होरी आणि 'ड्रॅगन बॉल'चे चित्रकार अकिरा तोरियामा एकत्र आले आणि हा खेळ घडला. संगीत यासुनोरी मित्सुदा या तरुणाचं. कामाच्या ताणाने तो आजारी पडला, तेव्हा उरलेल्या काही रचना नोबुओ उएमात्सू यांनी पुऱ्या केल्या. पुढे खेळ मोबाइलवर आला, म्हणून आमच्या ब्राह्मणपुरी गावाच्या शिवारापर्यंत पोहोचला. आमच्याकडे शेतपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की केळीला पाणी सोडायचं आणि शेजारच्या उसात बिबट्या असेल या धास्तीने जागं राहायचं. त्या जागरणांत मी हा खेळ खेळलो, एका कानात मित्सुदाचं संगीत आणि दुसरा कान मोटरीकडे.

खेळाची सुरुवात जत्रेने होते. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोडेबाजार भरतो. त्या यात्रेत बोट धरून हिंडलेल्या माणसाला ही जत्रा परकी वाटत नाही. शर्यती, दुकानं, मांजर हरवलेली एक लहान मुलगी, कुणीतरी ठेवून दिलेली शिदोरी. शिदोरी खाल्ली काय किंवा मांजर नेऊन दिलं काय, कोण बघतंय असं वाटतं. पुढे क्रोनोवर खटला उभा राहतो, सात पंच बसतात आणि जत्रेतली एकेक बारीक गोष्ट साक्षीला येते. तलवारीचं बळ मोजणारे खेळ पुष्कळ आहेत. गर्दीत तुम्ही कसे वागलात हे लक्षात ठेवणारा खेळ मी पहिल्यांदाच पाहिला.

मग काळाची दारं उघडतात आणि पायाखालची जमीन बोलू लागते. ज्या पुलावर 600 साली लढाई पेटलेली असते, त्याच पुलावरून 1000 साली माणसं निवांत ये-जा करतात. आमच्याकडे प्रकाशा गावी तापी-गोमाईच्या संगमावर लोक केदारेश्वराच्या दर्शनाला येतात. तिथल्या पांढरीच्या टेकाडाचं 1955 मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्त्या थरावर थर निघाल्या. एकाची वस्ती, तिच्यावर माती, मातीवर दुसऱ्याची वस्ती. हे मला आधीही माहीत होतं. पण त्या थरांमधली माणसं आपली शेजारी आहेत, असं वाटायला लागलं ते हा खेळ खेळताना.

आणि फियोनाचं रान. 600 साली या बाईला वाळवंट झालेल्या जागी पुन्हा जंगल उभं करायचं असतं. एका जन्मात होणारं ते काम नव्हे. भविष्यातून आलेला रोबो म्हणतो, मी थांबतो. बाकीचे उडत्या यानात बसून 1000 सालात येतात. खेळणाऱ्याला मिनिटभरही लागत नाही. बघावं तर वाळूच्या जागी झाडी, झाडीत एक देऊळ आणि देवळात निपचित पडलेला रोबो. फियोना जाऊन शतकं झालेली. लुक्का त्याला दुरुस्त करते आणि रात्री सगळे शेकोटीभोवती बसतात. हा भाग वगळूनही खेळ पुरा होतो. लाव्होस नावाच्या संहारकाला मारायला त्या रानाची गरजच नाही. मला मात्र लाव्होसशी झालेली लढाई अंधूक आठवते आणि ते रान लख्ख.

आमच्या उत्तरेला सातपुड्याचे उघडे पडलेले उतार आहेत, म्हणून ते रान मनाला असं लागलं असेल. शेजारच्या धुळे जिल्ह्यात बारीपाड्याला चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी 1990च्या दशकापासून उजाड डोंगर राखले. कुऱ्हाड थांबवली, पाणी अडवलं, जंगल परत आणलं. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडे मधली वर्षं उडवून नेणारं यान नव्हतं; राखण रोजच्या रोज करावी लागली. खेळातलं यान 1000 सालात उतरलं तेव्हा मी आधी त्या डोंगरांचाच विचार केला.

खेळ पहिल्यांदा संपवला की 'न्यू गेम प्लस' उघडतं. हे नाव याच खेळाने रूढ केलं. कमावलेलं सगळं बळ घेऊन पुन्हा पहिल्या सकाळी जायचं. बळ राहतं, ओळख राहत नाही. जत्रेत मार्ल पुन्हा धडकते, पण तिच्या लेखी तुम्ही कुणी अनोळखी. मला अजून ते सुरू करवलेलं नाही, कारण मन अजून शेवटच्या निरोपापाशी आहे. लाव्होस मेला, म्हणजे 2300 सालचं ते उजाड भविष्यही पुसलं गेलं, आणि रोबो तर त्याच भविष्यात घडलेला. परत गेल्यावर तो असेल का? निरोपाच्या क्षणी लुक्काच्या हे ध्यानात येतं आणि तिला रडू फुटतं. रोबोच तिची समजूत काढतो आणि दारातून निघून जातो. जग वाचवल्याचा आनंद त्या रात्री मला पुरता झाला नाही. तो पुरता होऊ नये, असंच ही गोष्ट रचणाऱ्यांच्या मनात असणार, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.