आत्याचा जवला

मे महिना उतरणीला लागला की बेलपाड्यातल्या आमच्या ओट्यावर आगोटीचा वास दाटतो. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून त्याआधी घरोघर सुकी मासळी भरून ठेवायची, ती ही आगोट. आत्या सुपात सुकट पाखडत बसलेली असते. शेजारी बोंबील, सोड्यांचा डबा, गोणपाटावर पसरलेला जवळा. रस्त्यापलीकडे खारघरचे टॉवर आणि त्यांच्या अलीकडे मेट्रोचा पूल. १७ नोव्हेंबर २०२३ला बेलापूर ते पेंधर ही मेट्रो सुरू झाली आणि तिच्या अकरा स्थानकांपैकी एकाला आमच्या गावाचं नाव मिळालं. सेक्टरांच्या आकड्यांत बुडत चाललेलं ‘बेलपाडा’ एवढ्या मोठ्या अक्षरांत पाटीवर पाहिलं, तेव्हा आत्या बराच वेळ मान वर करून उभी होती.

तिचं गिऱ्हाईक त्या टॉवरांमधलंच. पूर्वी बायका ओट्यावर यायच्या, सुकट मुठीत घेऊन हुंगायच्या, घासाघीस करायच्या. आता त्या व्हॉट्सअ‍ॅपवर भाव विचारतात. उत्तर पाठवायचं काम माझ्याकडे असायचं. मी कामावरून येईपर्यंत आत्या भाव तोंडपाठ करून बसायची, मी आलो की सांगायची, मी टाइप करायचो. एकदा मी दोन दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तर फोनवर चौदा निरोप न उघडता पडलेले आणि आत्या गप्प.

तिनं प्रयत्न केला नव्हता असं नाही. आत्याची बोटं आयुष्यभर भाताच्या चिखलात, मिठात आणि कोलंबीच्या टरफलांत राबलेली. टोकांची कातडी जाड, कोरडी, भेगाळलेली. त्यात गेल्या काही वर्षांत संधिवातानं सांधे सुजले आणि चारही बोटं करंगळीकडे झुकली. तर्जनी जिथं ठेवायची तिथं पडतच नाही, आणि पडली तरी काच दाद देत नाही. मग ती जोरानं दाबायची. आणखी जोरानं. शेवटी फोन माझ्यापुढं सरकवून म्हणाली, “माजा बोट मेला का रं?”

बोट मेलेलं नव्हतं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला कळलं, की ही काच दाब मोजतच नाही. काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युतवाहक रेघांची जाळी असते आणि तिच्यावर अगदी थोडा विद्युतभार खेळत असतो. माणसाचं शरीर वीजवाहक आहे. बोट काचेला टेकलं, की त्या जागी भारात बारीकसा फरक पडतो आणि कुठं पडला तेवढं फोन मोजतो. कातडी जाड आणि कोरडी असली की फरक इतका क्षीण होतो, की फोनला वाटतं, इथं कुणी नाहीच. आत्या सगळा जीव एकवटून दाबत होती आणि त्या काचेच्या लेखी ती तिथं नव्हतीच. हे समजल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

आधीचे काही टचस्क्रीन असे नव्हते. २००८चा नोकिया ५८०० आठवतो? त्याच्या मागच्या बाजूला एक छोटी काडी खोचलेली असायची. त्याचा पडदा दाबावर चालायचा, त्यामुळे नखानं दाबा, काडीनं दाबा, तो ऐकायचा. ९ जानेवारी २००७ला सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी अशा काडीची गरजच नाकारली होती. आपल्या सगळ्यांना जन्मतःच उत्तम दर्शक मिळालेले आहेत, ते म्हणजे आपली बोटं, असा त्यांचा मुद्दा होता. मोठ्या माणसाचा मोठा विचार, आणि त्यानं जग बदललं, हे खरंच. मी मात्र त्यातल्या ‘सगळ्यांना’ या शब्दापाशी अडतो. आमच्याच पनवेल तालुक्यात नेऱ्याला शांतिवन आहे. कुष्ठरोग निवारण समितीनं १९५१पासून चालवलेलं. कुष्ठरोगात नसा बाधित झाल्या की बोटं आत वळतात, स्पर्श कळेनासा होतो, घाम येणं थांबून कातडी कोरडी पडते. असा हात या काचेपुढं आला तर? पुढं २०१५मध्ये आयफोनच्याच कंपनीनं स्वतःची पेन्सिल बाजारात आणली. ती चित्रकारांसाठी होती. पण काडीची गरज पहिल्या दिवसापासून कुणाला होती, हे आमच्या ओट्यावर बसलं की दिसतं.

मी रबरी टोकाचं टच पेन आणलं, शंभराच्या नोटेत मावणारं. त्यात बॅटरी नाही, यंत्र नाही. धातूची नळी आणि टोकाला वीजवाहक रबराची मऊ बोंडी, एवढंच. बोंडी मुद्दाम जाड असते, कारण काच बोटाएवढा स्पर्श शोधत असते, बारीक टोक तिला उमगत नाही. आत्यानं ते धरलं आणि चित्र उघडलं, नातवाचा फोटो मोठा झाला. पण नळी शिसपेन्सिलीएवढी बारीक. सुजलेल्या सांध्यांना ती चिमटीत धरवेना.

दवाखान्यातल्या व्यवसायोपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, संधिवाताच्या हाताला दांडा जाड द्या, चमच्याचाही आणि लाटण्याचाही. म्हणजे मूठ पूर्ण आवळावी लागत नाही. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि पेनाला घट्ट गुंडाळली. मस्त जाड मूठ झाली. आत्यानं धरली, टेकवली. काही नाही. पुन्हा टेकवली. काही नाही. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की ट्यूबच्या पट्टीसकट ते पेन गटारात टाकावंसं वाटलं.

चूक माझी होती. त्या पेनाला स्वतःची शक्ती नसते. आत्याच्या तळव्यातून नळीत, नळीतून बोंडीत, बोंडीतून काचेपर्यंत अशी विजेची वाट असते. ट्यूबच्या रबरातून वीज वाहत नाही. मी वाटेतच भिंत घातली होती. मग पट्टी सोडली, नळीवर तांब्याची उघडी तार दोन वेढे गुंडाळली, वर पुन्हा ट्यूब चढवली आणि तारेचं टोक आत्याचा अंगठा टेकतो तिथं बाहेर काढून चपटं ठोकलं. आता अंगठा तांब्यावर आणि बाकी हात रबरावर. काच जागी झाली.

ही वाट समजली की काड्या कुठंही दिसू लागतात. कान साफ करायची कापसाची काडी पाण्यात बुडवायची, दांडीवर अॅल्युमिनियमची फॉइल कापसाला टेकेल अशी गुंडाळायची. तासभर काम भागतं, कापूस वाळेपर्यंत. ज्याची बोटं मिटतच नाहीत त्याच्यासाठी तळव्याभोवती पट्टा असतो, त्याला खिसा, त्यात पेन खोचायचं. ज्याचे हातच उठत नाहीत तो पेन दातांत धरतो. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये मणक्याच्या दुखापतीनं हातपाय लुळे पडलेले माजी सैनिक तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. कुंचल्याला कागद अडवत नाही. काच मात्र अडवते, कारण दातांत धरायचा भाग प्लास्टिकचा असला की शरीराशी नातं तुटलंच. तिथंही तेच करावं लागतं: एक तार ओठाला किंवा गालाला टेकवायची.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. बोरू कसे निवडावेत, सुऱ्या, शाई, कागद कसे असावेत, सगळं त्यात आहे. लेखणी हाताजोगी तासून घ्यायची असते, हे आपल्याला जुनंच ठाऊक. टच पेनही तासून घ्यावं लागतं, एवढंच मला नव्यानं कळलं.

पण पेन चाललं तरी कीबोर्डवर अक्षरं शोधणं आत्याला जमेना. ती चौथीपर्यंत शिकली, पाटीवर. ‘क’ कुठल्या कप्प्यात आणि काना कुठून आणायचा, हे तिला पटतच नव्हतं. “अक्षर काय शोधायचा अस्तो? काढायचा अस्तो,” ती म्हणाली. तेव्हा मला हस्तलेखनाच्या सोयीची आठवण झाली. गूगलनं एप्रिल २०१५मध्ये ८२ भाषांसाठी ती आणली, त्यात मराठी होती. पडद्यावर रिकामी पाटी उघडते, तुम्ही लिहायचं, फोन वाचतो.

आत्यानं फोन मांडीवर घेतला. अंगठा तांब्यावर ठेवला. पहिलं अक्षर काढायला तिला इतका वेळ लागला, की मध्येच फोननं अर्धं अक्षर वाचून भलतंच छापलं. सेटिंगमध्ये वेळ वाढवली. पुन्हा. ‘ज’ची दांडी थरथरत खाली आली, ‘व’चं पोट सुटलं, मग ‘ला’. शेवटी शिरोरेघ, लांबलचक, शाळेत ओढायची तशी. वरच्या पट्टीत दोन-तीन पर्याय उमटले. त्यात ‘जवळा’ होता, मी सवयीनं बोट पुढं केलं. आत्यानं पेनाच्या जाड मुठीनं माझं बोट बाजूला सारलं.

“जवला. आपुन जवलाच बोलतांव ना?”

तेव्हा लक्षात आलं, इतकी वर्षं मी तिचे निरोप पाठवत होतो ते तिचे नव्हतेच. ती ‘जवला’ म्हणायची, मी ‘जवळा’ लिहायचो. ती ‘बोंबील चांगला हाय, सांचे या’ म्हणायची, मी ‘उत्तम प्रतीचे बोंबील उपलब्ध’ असं लिहून पाठवायचो. मला ते मदत वाटायचं. आगरी बोली बोलणाऱ्या बाईच्या तोंडात मी परक्याची भाषा घालत होतो, आणि तिला नाही म्हणायला हात नव्हता.

पूर्वी पोस्टात आणि बँकेत टेबलाला दोरीनं बांधलेलं पेन असायचं. कुणी येईल, पेन आणलेलं नसेल, त्याचं अडू नये म्हणून. परवा आत्याला घेऊन एका कार्यालयात गेलो. दारात टोकनाचा टचस्क्रीन. ती आपलं पेन घरी विसरली होती. तिनं बोट टेकवलं, दाबलं, मागून रांग कुरकुरली, रखवालदारानं भलतंच बटण दाबून दिलं आणि आम्ही दीड तास चुकीच्या खिडकीपुढं बसलो. २०१६च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमात एकवीस प्रकारची दिव्यांगता मोजली आहे आणि वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानला आहे. आत्याकडे दिव्यांगत्वाचा दाखला नाही, तिला तो मागायचाही नाही. दाखला असो-नसो, त्या पडद्याशेजारी दोरीला बांधलेली रबरी टोकाची एक काडी असायला हवी होती. आणि दांडा जाड हवा. हे मी तिथल्या सूचना-वहीत लिहून आलो. प्रत्येक कार्यालयात लिहिणार आहे.

घरी आल्यावर आत्यानं काय केलं, तर जाळं विणायच्या नायलॉनचा वीतभर तुकडा घेतला, पेनाला एक गाठ, फोनच्या कव्हरला एक गाठ. आता पेन विसरत नाही. मासळी तोलताना ते ताजव्याच्या बाजूला लोंबत असतं.

काल संध्याकाळी सव्विसाव्या मजल्यावरच्या बाईंचा निरोप आला. आत्यानं तो मला वाचायला दिला नाही, स्वतःच अक्षरं जुळवत वाचला: “आत्या, जवला पाव किलो ठेवा.” तिनं फोन मांडीवर घेतला, अंगठा तांब्यावर टेकवला आणि ‘ठेवते’चा ‘ठ’ काढायला सुरुवात केली.